पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले. त्यांची जागा कुठे आणि कशी शोधावी?

तळकोकणी

नमस्कार मंडळी. इथे इतिहासाची आणि जुन्या कागदांची जाण असलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात शिपाई होते. घरात त्या युद्धाला अजून 'जर्मनची लढाई' म्हणतात, आणि पणजोबांबद्दल एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं: "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." तेव्हा आजोबा पाळण्यात होते. पणजीला मरेपर्यंत पेन्शन मिळत होती, पण त्याचे कागद आगीत गेले. फोटो नाही, पत्र नाही.

आहे ती एकच वस्तू, आमच्या देव्हाऱ्यातली. काशाच्या रंगाची जड गोल चकती. हाताचा पंजा पसरला तर मावेल एवढी. तिच्यावर उभी बाई, शेजारी सिंह आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत पणजोबांचं नाव. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिची पूजा होते. इतकी वर्षं कुंकू लावून लावून कडेची अक्षरं बुजली आहेत.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची एकच इच्छा आहे. पणजोबांना जिथे ठेवलं ती जागा कळावी आणि जमलंच तर तिथे जाऊन फूल वाहावं. कुठून सुरुवात करू? पलटण कुठली तेसुद्धा माहीत नाही.

मोडीवाचक

तुमच्याकडची चकती म्हणजे ब्रिटिश सरकारनं युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवलेलं स्मृतिपदक. व्यास साधारण १२ सेंटिमीटर. कडेनं इंग्रजीत 'ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर' असं असेल. अशी तेरा लाखांवर पदकं ओतली गेली आणि त्यातली पुष्कळ आपल्या कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आली. कुणी देव्हाऱ्यात ठेवली, कुणी मोडीत घातली.

पण तिच्यावरून पुढे जाता येत नाही, कारण तिच्यावर हुद्दा, नंबर, पलटण काहीच नसतं. मेल्यावर सगळे सारखे, म्हणून फक्त नाव, असा तेव्हाचा विचार. शोधायला मात्र नंबर आणि पलटणच लागते. त्यासाठी मेडल बघा. घरात चांदीचं किंवा पितळी रंगाचं गोल मेडल असेल तर त्याची कड, म्हणजे नाण्याची दातेरी बाजू असते ती जागा, भिंगाखाली धरा. तिथे नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमानं बारीक अक्षरं कोरलेली असतात. चांदणीच्या आकाराचं असेल तर हीच माहिती मागच्या सपाट बाजूला मिळेल.

आणि कृपा करून चिंचेनं किंवा पॉलिशनं घासू नका. घासून घासून कोरा झालेला काठ मी पाहिलाय. त्या घरच्यांना मग काहीच सांगता आलं नाही.

निवृत्त_हवालदार

तळकोकणी, मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे बाबांना काय सांगायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

तुमचे पणजोबा हिंदू होते, मराठा पलटणीत असणार. आपल्या माणसाला लढाईत मरण आलं तर शक्य तिथे दहन केलं जायचं. दहन केलेल्याचं थडगं नसतं. म्हणून तुम्ही कबर शोधत राहिलात तर निम्म्याहून अधिक वेळा हाती काही लागणार नाही आणि वाटेल की नोंदच नाही. नोंद असते. ती कबरीच्या नव्हे तर स्मारकाच्या यादीत असते. शोधायचं ते नाव.

पराक्रम मोठा असला म्हणून यातून सुटका नव्हती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही. तिथल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर नाव आहे.

शेवंती

हवालदारसाहेब म्हणतात ते अगदी खरं. माझ्या आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले, नोव्हेंबर १९४३, सांग्रो नदीच्या लढाईत. आम्ही कितीतरी वर्षं 'इटलीत कबर' असं शोधत होतो. तिथल्या सांग्रो रिव्हर वॉर सेमेटरीत अडीच हजारांवर थडगी आहेत, त्यात आमचे आजोबा कुठेच नव्हते. मग कळलं की त्याच आवारात एक दहनस्मारक आहे आणि ज्यांना अग्नी दिला अशा पाचशेवर हिंदी सैनिकांची नावं तिथे आहेत. इटलीत अशी तीन दहनस्मारकं आहेत: सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी.

आई, मावशी आणि मी गेलो होतो. आईनं नावावर बोट ठेवलं आणि ती ते अक्षर अक्षर करत वाचत राहिली, रोमन लिपी तिला येत असूनही. मग मावशीनं घरून नेलेलं पाणी पायथ्याशी सोडलं. आजोबांच्या नावाच्या खाली-वर सगळे आपलेच होते: कदम, शिंदे, पवार, मोरे. माझ्या आईला सर्वांत जास्त बरं कशानं वाटलं असेल तर यानं, की ते एकटे नाहीत.

कबर नसली म्हणजे जागा नसते असं नाही, एवढंच तुमच्या बाबांना सांगा.

तळकोकणी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

मेडल सापडलं! धाकट्या आत्याकडे होतं, तिच्या आईनं तिला लग्नात दिलेल्या डब्यात. चांदीचं आहे, एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडे घोड्यावरचा माणूस. काठावर चार आकडी नंबर, मग 'एस-ई-पी-वाय', पणजोबांचं नाव, आणि शेवटी ११७ मराठाज. नंबर इथे देत नाही, पण स्वच्छ वाचता येतो.

निवृत्त_हवालदार

शाब्बास. एस-ई-पी-वाय म्हणजे सिपॉय, शिपाई. आणि ११७ मराठा म्हणजे फार मोठी गोष्ट हातात आली.

त्या काळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ साली सगळ्यांचे नंबर बदलले आणि त्यांची मिळून पाचवी मराठा रेजिमेंट झाली. १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी बटालियन, आणि ११४ ची ट्रेनिंग बटालियन. पहिल्या महायुद्धातला माणूस शोधताना जुनाच नंबर टाकायचा. '५/५' (पाचव्या रेजिमेंटची पाचवी बटालियन) असं शोधाल तर १९२२ नंतरची माणसं येतील.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. शैबा, कूत, टेसिफॉन इथल्या लढाया, आणि मग तुर्कांनी घातलेला कूतचा वेढा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. पणजोबांचा मृत्यू कधी झाला यावर सगळं अवलंबून आहे. तारीख शोधा.

जुनी_पाने

आता मी थोडं सविस्तर लिहिते, कारण हा शोध मी बऱ्याच जणांना करून दिलाय आणि लोक नेमके एकाच ठिकाणी अडकतात.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं तीच सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर सगळी नावं शोधता येतात आणि एक पैसा लागत नाही. कुणी एजंट 'नोंद काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

लोक अडकतात ते नावाशी. आपण आज लिहितो त्या स्पेलिंगनं नाव टाकलं की 'काही सापडलं नाही' असं येतं आणि माणूस संगणक बंद करतो. शंभर वर्षांपूर्वी भरती करणाऱ्या कारकुनानं जे कानांनी ऐकलं ते लिहिलं. जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा नुसता ओ. सावंतमध्ये डब्ल्यू किंवा व्ही. पवारचा पोवार. जुन्या पद्धतीत 'अ' साठी यू वापरत, त्यामुळे कदममध्ये ए-च्या जागी यू. शिवाय आडनावाच्या रकान्यात पहिलंच नाव टाकलेलं असतं, कारण आपल्याकडच्या कित्येक शिपायांचं आडनाव नोंदलंच गेलं नाही. तुमचे पणजोबा सखाराम असतील तर 'सखाराम' हे आडनाव समजून शोधा.

माझी पद्धत सांगते. नाव टाकूच नका. 'सर्व्ह्ड विथ' मध्ये इंडियन आर्मी, रेजिमेंटमध्ये ११७ मराठाज, युद्ध पहिलं, आणि फक्त वर्ष. जी यादी येईल ती वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी वाचा. वेळ लागतो, पण डोळा जे ओळखतो ते संगणक ओळखत नाही. नंबर हातात आहेच, त्यामुळे नाव कितीही वेडंवाकडं असलं तरी माणूस पक्का होतो.

नोंदीत 'जादा माहिती' असा भाग असेल तर त्यात बापाचं नाव, गाव, जिल्हा येतो. इथे दुसरा घोळ. जिल्हे तेव्हाचे. आजचा सिंधुदुर्ग १९८१ मध्ये झाला, त्याआधी तिथली गावं रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. रायगडचं नाव कुलाबा. सांगलीकडची पुष्कळ गावं साताऱ्यात. गावाचं स्पेलिंग तर विचारू नका, मोठ्यानं वाचून बघा, कान ओळखतो.

बंदरकाठ

जुनी_पाने ताई, फार उपयोगी लिहिलंत. यात एक भर घालतो. आमच्याकडे रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातले मुसलमान फौजेत होते त्याहून जास्त जहाजांवर होते, खलाशी, आगवाले. बुडालेल्या जहाजावरच्या माणसाची कबर कुठे असणार? माझ्या आजीचे चुलते असे गेले. त्यांच्यासारख्यांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. कुणाचे पूर्वज 'बोटीवर' गेले असं घरात सांगत असतील तर फौजेत शोधण्याआधी तिथे बघा.

जे मुसलमान सैनिक जमिनीवर गेले त्यांना मात्र दफन केलं, त्यामुळे त्यांच्या कबरी सापडण्याची शक्यता जास्त. इंफाळ, फोर्ली अशा ठिकाणी आहेत.

वरंधा

विषयाला थोडं सोडून विचारतो, चालेल ना? आमच्या घराण्यात पेशवाईत कुणी तरी लढाईत पडल्याचं सांगतात. गावाबाहेर एक वीरगळ आहे आणि आम्ही तिला आमच्या पूर्वजाची म्हणून शेंदूर लावतो. ती त्यांचीच असेल का?

मोडीवाचक

वरंधा, बहुतेक वीरगळी पेशवाईच्या कितीतरी आधीच्या, यादव-शिलाहार काळातल्या. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि सगळ्यांत वर चंद्रसूर्य. अक्षरं क्वचितच असतात. म्हणून दगडावरून माणूस ठरवता येत नाही. पण शेंदूर लावणं सोडू नका, तोही कुणाचा तरी पूर्वज आहे.

पेशवाईतल्या माणसासाठी कागद बघा. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना 'बालपरवेशी' म्हणून जमीन किंवा नेमणूक मिळायची. तशी नोंद असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तरात सापडू शकते. गावचं आणि परगण्याचं नाव घेऊन जा. वेगळा धागा काढा, लिहितो.

तळकोकणी

मंडळी, सापडले.

जुनी_पाने ताईंनी सांगितलं तसं नाव न टाकता ११७ ची १९१६ ची यादी वाचत गेलो. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. नाव असं लिहिलंय की मी पुढे गेलो होतो, बाबांनी थांबवलं. नंबर मेडलशी तंतोतंत जुळतो. खाली बापाचं नाव, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं, आणि आमच्या वाडीचं नाव, मोडकंतोडकं पण आमचंच. जिल्हा रत्नागिरी.

खापरपणजोबांचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं! ते तिथे मिळालं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पिंडदानात आता यांचंही नाव घेता येईल."

मृत्यू सप्टेंबर १९१६. ठिकाण: बसरा मेमोरियल. आता प्रश्न असा की बसऱ्यात नेमकं कुठे? तिथे कबर नाही ना?

निवृत्त_हवालदार

फार आनंद झाला. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आता नीट ऐका. बसरा मेमोरियल ही मृत्यूची जागा नव्हे. १९१४ च्या शरदापासून १९२१ च्या ऑगस्टपर्यंत मेसोपोटेमियात गेलेले आणि ज्यांची कबर माहीत नाही असे चाळीस हजारांवर सैनिक त्या एका स्मारकाच्या नावे नोंदलेत. मरण बगदादजवळ आलं असेल, मोसुलला आलं असेल, नोंद बसऱ्यालाच.

तारीख बघा. ११७ मराठा कूतमध्ये होती. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सप्टेंबर १९१६ म्हणजे त्यानंतर. पणजोबा वेढ्याच्या आधीच जखमी होऊन मागे आले नसतील, तर बहुधा ते तुर्कांचे कैदी होते.

वेढ्यातच माणसं अर्धी झाली होती. शिधा कमी कमी होत गेला आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घोड्याचं मांस बराच काळ नको म्हटलं. त्या अवस्थेत कैद्यांना चालवत बगदादला नेलं, तिथून समाऱ्यापर्यंत रेल्वे, आणि पुढे पुन्हा पायी, तिक्रीत, मोसुल, रास अल ऐन. रास अल ऐनला हिंदी कैद्यांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर लावलं. वाटेत आणि त्या छावण्यांत जे गेले त्यांची जागा कुणी टिपून ठेवली नाही.

हे वाचायला जड जाईल. पण तुम्ही खरं काय ते विचारलंत. नकाशावर एक बिंदू मिळणार नाही, एक वाट मिळेल. कूतपासून रास अल ऐनपर्यंतची.

जुनी_पाने

हवालदारसाहेबांच्या म्हणण्यात एक जोडते. अशा कैद्यांच्या मृत्यूची तारीख कित्येकदा अंदाजानं धरलेली असते. सोबतीनं परत आल्यावर सांगितलं, किंवा शेवटचा जिवंत पाहिल्याचा दिवस, असं काही. महिना खरा असेल, दिवस असेलच असं नाही.

आणि मेसोपोटेमियात ज्यांना दफन केलं त्यांचीही गत फार वेगळी नाही. अमारा हे तेव्हा इस्पितळांचं मोठं ठाणं होतं. तिथल्या टायग्रिस नदीच्या डाव्या काठावरच्या हिंदी सैनिकांच्या दफनभूमीत पाच हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि त्यातल्या फक्त नऊ जणांची ओळख पटलेली आहे. लष्करानं दफनाची पुरती नोंद ठेवलीच नाही. पाच हजारांत नऊ. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

घाटमाथा

मग निदान बसऱ्याच्या भिंतीवर पणजोबांचं नाव तरी कोरलेलं आहे ना? तिथला फोटो मागवता येईल.

जुनी_पाने

नाही. आणि हे मला रागानंच लिहावं लागतंय.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, अगदी साध्या शिपायाचीसुद्धा. हिंदी अधिकाऱ्यांची, सुभेदार-जमादारांची कोरली. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचा मात्र पलटणीच्या नावाखाली आकडा टाकला. इतके इतर सैनिक, असा. नावं वहीत. तीस हजारांहून अधिक माणसं त्या दगडावर संख्या म्हणून आहेत.

ज्या संस्थेचं तत्त्वच हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखं असं होतं, तिनं हे केलं. एप्रिल २०२१ मध्ये या वॉर ग्रेव्हज आयोगाच्याच विशेष समितीचा अहवाल आला. त्यात ४५ ते ५४ हजार सैनिकांचं स्मरण असमान पद्धतीनं झालं आणि किमान १ लाख १६ हजार जणांचं नावानिशी झालंच नाही, किंवा कदाचित झालंच नाही, असं मान्य केलं आणि माफी मागितली. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन माणसं ती.

घाटमाथा

ताई, राग रास्त आहे. पण माझं थोडं वेगळं मत मांडू का? आपल्याच गावांतल्या शिळा बघा. कोकणात, साताऱ्यात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. तिथेही नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीनं पहिल्या युद्धात ४६ माणसं दिली. गावानं मात्र फौजेत जाणं सोडलं नाही आणि गेलेल्यांना विसरलंही नाही. दगडावर नाव नसलं म्हणून स्मरण थांबत नाही.

जुनी_पाने

स्मरण गावानं केलं, त्याचं श्रेय गावाला. दगड ज्यांनी घडवला त्यांची जबाबदारी त्यानं कमी होत नाही. शेजारच्या ब्रिटिश शिपायाच्या नातवाला भिंतीवर नाव वाचता येतं आणि तळकोकणींच्या बाबांना येत नाही. एकाच युद्धात, एकाच नदीकाठी गेलेली दोन माणसं. मला हे पटवून घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही.

शेवंती

तुम्हा दोघांचंही पटतंय. आईला ते नाव बोटानं वाचता आलं याचं मोल मी पाहिलंय, म्हणून ताईंचं जास्त पटतंय.

तळकोकणी, फ्रान्समध्ये नव्ह शापेलला हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत आणि ती कोरलेली आहेत. म्हणजे शिपायांची नावं कोरणं अशक्य होतं अशातला भाग नाही.

बंदरकाठ

बसऱ्याला जायचा विचार कुणी करत असेल तर एक माहिती. ते स्मारक आता मूळ जागी नाही. आधी शत्त-अल-अरबच्या काठी माकिल गोदीत होतं. १९९७ मध्ये सद्दाम सरकारनं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर हलवलं. ओसाड जागा आहे. वृद्ध माणसाला घेऊन जाण्याआधी आयोगाशी बोलून घ्या.

तळकोकणी

सगळं बाबांना वाचून दाखवलं. कैदेचा भागही. मला तो गाळावासा वाटत होता, पण त्यांना पुढचं वाक्य ऐकायचंच होतं. रास अल ऐन कुठे आहे ते नकाशावर बघितलं, तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेवर. बाबांनी भिंगानं कूतपासून बोट फिरवत नेलं.

एक प्रश्न मात्र घरात उभा राहिलाय. आजवर पणजोबांचं श्राद्ध सर्वपित्रीला करत आलो, कारण तिथी माहीत नव्हती. आता तारीख मिळाली, त्यामुळे चुलते म्हणतात जुन्या पंचांगावरून तिथी काढून त्या दिवशी करू. दुसरे चुलते म्हणतात सैनिक होते, म्हणून घातचतुर्दशी. तुमच्या घरी काय करता?

मोडीवाचक

घातचतुर्दशी शस्त्रानं मेलेल्यांची. कैदेत आजारानं, उपासानं गेले असतील तर ती लागू होते का हे घरच्या गुरुजींना विचारा. तिथीचं म्हणाल तर जुनी_पाने ताईंनी लिहिलंय ते विसरू नका, दिवस अंदाजाचा असू शकतो.

निवृत्त_हवालदार

मी धार्मिक बाबतीत बोलत नाही. मात्र इतकं करा: आयोगाला पत्र लिहा. गावाचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करून मागा. मेडलच्या काठाचा आणि चकतीचा स्वच्छ फोटो, सातबाऱ्यावरचं किंवा शाळेच्या दाखल्यावरचं गावाचं अधिकृत स्पेलिंग जोडा. कागद दिले तर ते नोंद सुधारतात. बेळगावला मराठा रेजिमेंटल सेंटरलाही एक प्रत पाठवा. शिपायाची वैयक्तिक सेवानोंद इतकी जुनी मिळणं कठीण, ती आशा धरू नका. ११७ ची युद्धदैनंदिनी लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत शोधा. त्यात शिपायांची नावं क्वचितच येतात, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते कळतं.

तळकोकणी

हवालदारसाहेब, पत्राचा मसुदा तयार आहे. मेडलचा फोटो पुतण्यानं काढला, सगळा काठ तुकड्या-तुकड्यांनी, एकेक अक्षर दिसेल असा. खापरपणजोबांचं नावही तिथे अर्धवट आहे, पण तलाठी कार्यालयात जुन्या फेरफारात तेच नाव पूर्ण सापडलं, त्याची नक्कल जोडतोय. म्हणजे आता दोन पिढ्यांची नावं दुरुस्त होतील.

श्राद्धाचं बाबांनी ठरवलं. सर्वपित्रीच ठेवायची. ते म्हणाले, दिवस नक्की नसेल तर अमावास्याच बरी, आणि त्या वाटेवर त्यांच्याबरोबर जे गेले त्यांच्याही घरी कुणाला तिथी माहीत नसणार, त्यांनाही त्याच दिवशी पाणी मिळेल. यंदा पणजोबांच्या नावाआधी खापरपणजोबांचं नाव घेणार.

गावच्या शाळेच्या भिंतीत घाटमाथा म्हणतात तशी पाटी आहे. आकडा आहे, नावं नाहीत. वाडीवाडीतून मेडलं आणि चकत्या गोळा करून ती नावं काढायची असं ग्रामपंचायतीत बोलणं झालंय. जुनी_पाने ताई, यादी वाचायला तुमची मदत लागेल.

जुनी_पाने

हक्कानं सांगा. पलटणीप्रमाणे वेगळ्या याद्या करा, सगळे ११७ चेच नसतील. काठ वाचताना तीन आणि आठ यांत गफलत होते, प्रत्येक नंबर दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मगच लिहा. आणि ज्यांच्याकडे चकती आहे पण मेडल नाही त्यांची नावं वेगळ्या कागदावर घ्या, ती मी गावाच्या नावावरून शोधते.

सोनचाफा_४

हा धागा वाचून आजीची पेटी उघडली. चांदणीच्या आकाराचं मेडल आहे, मागे '१०५ एम.एल.आय.' आणि नाव. पणजोबा मेसोपोटेमियातच गेले असं आजी सांगायची. ते कूतमध्ये होते का?

निवृत्त_हवालदार

सोनचाफा, १०५ कूतमध्ये अडकलेली नव्हती. वेढा फोडायला खालून जी फौज चढत होती तिच्या बाजूनं शोधा. एम.एल.आय. म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. नंबरचे आकडे नीट वाचून मला खाजगी निरोपात पाठवा, इथे जाहीर लिहू नका. घरात मृत्यूचं साल कुणाला आठवतंय का तेही विचारून ठेवा.